‘बकवास’ आणि ‘बाप’च्या मधलं काही: मेटॅलिकाच्या आल्बमवरची मतं कशी वाचायची

१४ एप्रिल २०२३ ला मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचा ‘७२ सीझन्स’ हा आल्बम आला. १२ गाणी, ७७ मिनिटं. दुपारपर्यंत माझ्या भाच्याने निकाल ऐकवला, “मामा, सगळे म्हणतायत बोअर आहे.” सगळे म्हणजे कोण, हे त्याला सांगता येईना. त्याने स्वतः चार गाणी ऐकली होती, तीही बसमध्ये.

मी नाटकांचा साउंड करतो, म्हणजे कान हेच पोटापाण्याचं साधन. तेव्हा ‘लोकांचं ऐकू नकोस’ असं मी त्याला म्हणालो नाही. ऐकावं. हजारो लोक एकाच वेळी एकच आल्बम ऐकत असतात, तेव्हा त्यातले पाच-पन्नास असं काही पकडतात की धंद्यातल्या माणसानेही मान डोलवावी. फक्त ते पाच-पन्नास शोधायचे कसे, हे कळलं पाहिजे. उदाहरणाला मेटॅलिकाच घेतो, कारण या बँडवर लोक चाळीस वर्षं भांडतायत आणि कोणाचं खरं निघालं हे आता तपासता येतं.

पहिलं काम असं की मत कशाबद्दल आहे ते बघायचं. ‘बकवास’, ‘बाप’, ‘दहापैकी चार’ हे सगळं बाजूला ठेवा. ते वाचून आपण काय ऐकायचं हे काही कळत नाही. ‘पूर्वीचं राहिलं नाही’ हेही तूर्त बाजूला. बँडचा बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, तेव्हापासून प्रत्येक आल्बमला ‘क्लिफ असता तर’ हे येतंच. १९९६ मध्ये ‘लोड’ आला तेव्हा तर लोक गाण्यांपेक्षा चौघांनी केस कापले यावरच जास्त चिडले होते. केसांना डेसिबल नसतात. तेही बाजूला.

ठेवायचं ते बोट ठेवणारं मत. कुठलं वाद्य, कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला, काय होतं. ‘ड्रम घाण आहेत’ हे मत नाही. ‘स्नेअर डब्यासारखा वाजतो’ हे मत आहे, कारण ते आपण जाऊन तपासू शकतो.

हे वाक्य मी मुद्दाम घेतलं. २००३ च्या ‘सेंट अँगर’वर जगभर हीच ओरड झाली. आता स्नेअर म्हणजे काय ते बघा. या ड्रमच्या खालच्या पानाला पीळदार तारांची एक पट्टी टेकलेली असते. वर काठी पडली की या तारा थरथरतात आणि तो ‘छर्र’ असा कोरडा आवाज येतो. कडेला एक छोटा खटका असतो. तो खाली केला की पट्टी सुटते आणि तारा पानापासून दूर होतात. आमच्याकडे संथ प्रवेश चालू असताना बासच्या आवाजाने या तारा आपोआप कुरकुरतात, म्हणून मी ड्रमवाल्याला सांगतो, “दादा, खटका पाड.” पाडल्यावर काठी मारली तर ‘टण्ण’ वाजतं आणि ते घुमत राहतं. बँडचा ड्रमर लार्स उलरिकने त्या आल्बमसाठी तारा सोडूनच वाजवलं. आल्बमचं कुठलंही गाणं लावा, अर्ध्या मिनिटात ऐकू येईल. म्हणजे लोक बरोबर होते. ते वाईट आहे की मुद्दाम केलेलं आणि चांगलं आहे, हा पुढचा प्रश्न. मला स्वतःला तो आवाज दोन गाणी आवडतो, तिसऱ्याला डोकं धरतं. त्याच आल्बमच्या शीर्षकगीताला पुढे ग्रॅमी मिळालं, तेव्हा पुरस्कार बघून मत ठरवणाऱ्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

दुसरं काम: मत देणाऱ्याने कशावर ऐकलं ते शोधा. सापडलं नाही तर बासबद्दलचं त्याचं बोलणं सोडून द्या. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ते बाहेर येणं शक्यच नाही. आपल्याला त्याच्या वरचे सूर ऐकू येतात आणि बाकीचं डोकं भरून काढतं. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ची सुरुवात एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका, मग तारेच्या साध्या हेडफोनवर. रॉबर्ट ट्रुहियोचा बास पहिल्या खेपेला नुसता खडखडतो, दुसऱ्या खेपेला छातीत बसतो. भाच्याला हे करून दाखवलं तर म्हणाला, “हे गाणं वेगळंच आहे की.” गाणं तेच होतं.

अर्थात प्रत्येक वेळी दोष ऐकणाऱ्याच्या स्पीकरचा नसतो. १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास ऐकू येत नाही, ही तक्रार कुठल्याही सिस्टिमवर खरीच आहे. क्लिफच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा तो बँडबरोबरचा पहिला पूर्ण आल्बम, आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र जुळवताना, त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) जवळजवळ तळाला. चाहत्यांनी पुढे स्वतः बास वाढवून आपापल्या आवृत्त्या फिरवल्या. २०१८ मध्ये आल्बम नव्याने निघाला तेव्हाही बँडने बास वर आणला नाही. म्हणून एक तक्रार कमीत कमी दोन वेगवेगळ्या साधनांवर तपासायची. दोन्हीकडे तेच ऐकू आलं तर तक्रार खरी.

आता माझ्या आवडीचा भाग. मोठा आवाज माणसाला फसवतो. तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की ते जास्त चांगलं वाटतं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. आल्बम करणारेही जाणतात. म्हणून नव्वदच्या दशकापासून प्रत्येकाचा आल्बम शेजारच्यापेक्षा मोठा वाजावा अशी शर्यत लागली. डिजिटल आवाजाला एक छत असतं. त्याच्या वर काही जात नाही. मग हळू भाग वर ओढायचे, मोठे भाग छताला दाबायचे, म्हणजे सगळंच कायम मोठं. कन्सोलवर, म्हणजे आमच्या आवाजाच्या टेबलावर, लाल दिवा लुकलुकला की आम्ही फेडर खाली घेतो. इथे लाल दिवा लावून ठेवूनच काम केलेलं असतं.

२००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. सीडी घेतलेल्या लोकांनी लगेच ओरड केली की आवाज फाटतोय, ऐकून कान थकतायत. ‘मेटलच आहे, फाटणारच’ म्हणून त्यांना उडवूनही लावलं गेलं. पण तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळातही मिळत होती आणि खेळाला दिलेली प्रत इतकी दाबलेली नव्हती. श्रोत्यांनी दोन्ही प्रतींच्या आवाजाच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत डोंगरदऱ्या, दुसरीत सरळ भिंत. पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या आल्बमवरचा शेवटचा हात, करणाऱ्या टेड जेन्सननेही सांगितलं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं. निर्माता रिक रुबिन, बँड जगातला सगळ्यात मोठा, आणि खरे निघाले खुर्चीत बसून ऐकणारे लोक.

हे तुम्हीही घरी करू शकता. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. सीडीवरून काढलेलं किंवा विकत घेतलेलं गाणं त्यात उघडा. व्ह्यू मेन्यूत क्लिपिंग दाखवायचा पर्याय असतो, तो चालू करा. आवाज छताला आपटतो तिथे लाल रेघा उमटतात. एखाद-दुसरी रेघ दिसली तर घाबरू नका, गाणंभर कुंपण दिसलं तर तक्रारीत तथ्य आहे. जुना आणि नवा आल्बम कानाने तोलायचे असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. स्पॉटिफायवर गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू आहे ना ते बघा. हे न करता ‘नवा जास्त दमदार आहे’ म्हणणाऱ्याचं मत मी धरत नाही.

तिसरं, मताची तारीख बघा. ‘७२ सीझन्स’मधलं ‘लक्स एटेर्ना’ आधीच, २८ नोव्हेंबर २०२२ ला बाहेर आलं होतं. साडेतीन मिनिटांच्या आतलं, सुसाट, ऐंशीच्या सुरुवातीच्या ब्रिटिश मेटलची आठवण करून देणारं. लोकांनी चार-साडेचार महिने मनात तसाच आल्बम रचला आणि हातात पडली ७७ मिनिटं, ज्यात शेवटचं ‘इनामोराटा’ एकटंच ११ मिनिटांचं. पहिल्या दिवशीच्या ‘फार लांबलं’ या तक्रारीत बराच भाग त्या अपेक्षेचा होता. तीन-चार आठवड्यांनंतर लिहिलेली मतं शोधा. ज्याला आवडलं नाही तो तोवर निघून गेलेला असतो हे खरं, पण जो थांबून तक्रार करतो त्याची तक्रार पक्की असते.

लांबीची तक्रार माझीही आहे, अपेक्षा वजा करून. ‘चेसिंग लाइट’ मी एक दीड मिनिट आधी संपवलं असतं. ‘यू मस्ट बर्न!’ मात्र संथ असूनही एक सेकंद कापू देणार नाही. तिथे रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पाय ओढत चालतो आणि ट्रुहियो मागून गातोही.

गिटारवाल्या कर्क हॅमेटच्या सोलोंवर, म्हणजे त्याच्या एकट्याच्या तुकड्यांवर, सगळ्यात जास्त भांडण झालं. ‘पुन्हा तोच वा-वा पेडल (पायाने दाबून गिटारला ‘वा-वा’ बोलायला लावणारा), पुन्हा तेच सूर.’ तो स्वतः सांगतो की यातले बरेचसे सोलो त्याने सुचतील तसे वाजवले. तपासायची पद्धत सोपी आहे. आल्बममधली कुठलीही तीन गाणी घ्या, फक्त सोलो एकापाठोपाठ एक ऐका आणि प्रत्येकानंतर तो गुणगुणून बघा. मला एकही धड गुणगुणता आला नाही. ‘रूम ऑफ मिरर्स’च्या शेवटाकडे दोन गिटारी हातात हात घालून जातात, ते मात्र लगेच तोंडात बसलं. तेव्हा त्या तक्रारीशी माझा अर्धा दुजोरा. तुमचं वेगळं निघेल, निघू दे.

ही सगळी चाळणी लावायच्या आधी एक पथ्य आहे. पहिल्यांदा ऐकताना एकही मत वाचायचं नाही. क्रमाने, न उड्या मारता, एकाच साधनावर, आणि गाडी चालवताना तर नाहीच. लक्ष्मी रोडच्या हॉर्नमध्ये झांजा आणि ब्रेक यात फरक कळत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना तुकडे करा, तीन-तीन गाण्यांचे. १२ गाण्यांचे चार भाग पडतात आणि ‘लांबलं’ ही भावना किती थकव्याची होती ते लगेच कळतं. मग मतं वाचा, बोट ठेवणारी चार-पाच निवडा आणि तेवढ्याच जागा पुन्हा ऐका.

मैफलीचे व्हिडिओ बघून आल्बमवर मत देणारेही पुष्कळ. फोनने मैदानात घेतलेला आवाज फोन स्वतःच दाबतो, त्यामुळे मिक्सबद्दल त्यातून काही कळत नाही. गाणं किती वेगाने वाजवतात आणि लोक सोबत गातात का, एवढंच त्यातून घ्या. ३० ऑक्टोबर २०११ ला बँड बंगळूरला आला (त्याआधीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द होऊन तिथे मोडतोड झाली होती), तेव्हा आम्ही पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. पॅलेस ग्राउंड्सवर आवाज कसा होता असं मला अजून कोणी विचारलं तर मी सांगतो की मी कुठे उभा होतो त्यावर आहे. डाव्या स्पीकरच्या टॉवरजवळ नुसती किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. थोडं मागे कन्सोलच्या रेषेत गेलो तर सगळं जागेवर.

शेवटी स्वतः लिहायची वेळ येते. भाच्याने ग्रुपवर टाकायला लिहिलं होतं, ‘आल्बम ओव्हररेटेड, लार्सला ड्रम येत नाहीत.’ मी म्हटलं, ऐकलंस कशावर ते लिही. कितीदा ऐकलास ते लिही. एक जागा मिनिटासकट दे. आणि लार्सला काय येतं ते सोड, या गाण्यात त्याने काय केलंय ते सांग. बराच वेळ कटकट करून त्याने लिहिलं, ‘दोनदा ऐकला, हेडफोनवर. इफ डार्कनेस हॅड अ सन सुरू व्हायलाच फार वेळ घेतं, तोच ठेका चालू राहतो. इनामोराटाच्या मधे सगळे थांबून बास एकटा येतो तिथे ड्रम किती हळू आहेत ते ऐका, ते जमलंय.’

त्यावर ग्रुपमधल्या तिघांनी ‘इनामोराटा’ लावलं आणि एकाने विचारलं की हेडफोन कुठला.