स्पॅनिश विशेषणं वापरताना या चुका टाळा

स्पॅनिश शिकायला येणारी आपली बहुतेक मुलं ती इंग्रजीतून शिकतात. ॲप इंग्रजी, व्हिडिओ इंग्रजी, वहीत लिहिलेले अर्थही इंग्रजीच. इंग्रजीत विशेषण जागचं हलत नाही. एक घर असो की दहा, मुलगा असो की मुलगी, शब्द तोच. ती सवय तशीच स्पॅनिशमध्ये येते आणि 'ला कासा ब्लांको' ऐकू येतं. 'कासा' म्हणजे घर, ते तिथे स्त्रीलिंगी, म्हणून 'ब्लांका'. अनेक पांढरी घरं असतील तर 'लास कासास ब्लांकास'. चांगला, चांगली, चांगले हे ज्यांना बोलायला लागल्यापासून येतं, त्यांनी इथे अडखळावं याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त चुका मुलींच्या होतात, आणि त्याही स्वतःबद्दल बोलताना. शब्दकोशात विशेषण पुल्लिंगी रूपात दिलेलं असतं, तेवढंच पाठ होतं, आणि दमलेली मुलगी 'एस्तोय कान्सादो' म्हणून मोकळी होते. मुलीने 'कान्सादा'च म्हणायचं. (कोल्हापूरकडच्या मुली मराठीत 'मी आलो' म्हणतात, ती तिथली रीत आहे. स्पॅनिशमध्ये ती सवलत नाही.)

माझ्या एका विद्यार्थिनीची मेक्सिकोतल्या क्लायंटबरोबर पहिली मीटिंग होती. आपल्या मॅनेजर बाईंची ओळख करून देताना ती म्हणाली, 'नुएस्त्रो हेरेन्ते एस मुय एस्त्रिक्तो', आमचे मॅनेजर फार कडक आहेत. बाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. पलीकडची मंडळी मात्र कोणा साहेबांची वाट बघत राहिली, आणि शेवटी 'ते कधी जॉइन होणार?' असं त्यांनी विचारलं. 'हेरेन्ते' हा शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो. मॅनेजर बाई आहेत हे सांगण्याचं काम 'नुएस्त्रा' आणि 'एस्त्रिक्ता' या दोन शब्दांचं होतं, आणि नेमके तेच चुकले. 'समजून घेतात हो लोक' असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

दुसरी खोड म्हणजे नुसतं नाम पाठ करणं. शेवटी 'ओ' आला की पुल्लिंगी, 'आ' आला की स्त्रीलिंगी, झालं व्याकरण, असं सांगणारे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ मला अजिबात आवडत नाहीत. 'दीया' (दिवस), 'मापा', 'प्रोब्लेमा' हे पुल्लिंगी आहेत आणि 'मानो' (हात) स्त्रीलिंगी. म्हणून तर 'बुएनोस दीयास', पण 'बुएनास तार्देस'. मराठी लिंगावर विसंबूनही चालत नाही, कारण आपलं घर, टेबल, पाणी नपुंसकलिंगी आणि स्पॅनिशमध्ये तिन्ही स्त्रीलिंगी. मी वहीत नाम कधीच एकटं लिहू देत नाही. सोबत एक विशेषण हवं, आणि तेही बदलणारं: 'ला मानो फ्रीया' (गार हात), 'एल मापा विएहो' (जुना नकाशा). 'ग्रांदे' (मोठा) किंवा 'वेर्दे' (हिरवा) लिहून उपयोग नाही, ती दोन्ही लिंगांना सारखीच राहतात आणि नामाचं लिंग झाकून टाकतात.

'एल आग्वा' (पाणी) हा यातला सगळ्यात चकवणारा शब्द. इंग्रजी 'the'सारखं स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'एल' आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'ला' लागतं. 'एल' दिसलं की मुलं 'एल आग्वा फ्रीओ' लिहून टाकतात. बरोबर रूप 'एल आग्वा फ्रीया'. जोर असलेल्या 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाला एकवचनात 'ला'ऐवजी 'एल' लागतं, दोन 'आ' एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. लिंग बदलत नाही. अनेकवचन केलं की लगेच उघड होतं: 'लास आग्वास फ्रीयास'. आग्वा, आउला (वर्ग), आगिला (गरुड) हे तीन शब्द विशेषणासकट पाठ करा.

मराठीची मदत घेताना एक सांभाळा. आपले लाल, सुंदर, हुशार कधीच बदलत नाहीत. 'वेर्दे' लिंगाप्रमाणे बदलत नसलं तरी अनेकवचन घेतंच: 'वेर्देस'. 'आसुल'चं (निळा) 'आसुलेस', 'फेलीस'चं (आनंदी) 'फेलीसेस'.

जागेचं म्हणाल तर नकाशा उघडा. 'कोस्टा रिका' म्हणजे समृद्ध किनारा, 'पुएर्तो रिको' म्हणजे समृद्ध बंदर. विशेषण नामाच्या मागून आलंय आणि लिंगाप्रमाणे बदललंयही. पण 'बुएनोस आइरेस' आणि 'ग्रान कानारिया'मध्ये ते आधी आहे, कारण चांगलं, मोठं अशी काही नेहमीची विशेषणं पुढेही येतात. 'ग्रांदे' एकवचनी नामाच्या आधी आलं की त्याचं 'ग्रान' होतं. जागा बदलली की कधी अर्थही बदलतो: 'ओम्ब्रे पोब्रे' गरीब माणूस, 'पोब्रे ओम्ब्रे' बिचारा. पहिले काही महिने विशेषण मागेच ठेवा. पुढे ठेवण्याची घाई नको.

'असणे' यासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. त्यातलं 'सेर' ('सोय') की 'एस्तार' ('एस्तोय') हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एवढं तरी पाळा: कंटाळा आला असेल तर 'एस्तोय आबुर्रिदो'. 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मीच कंटाळवाणा.

'मास मेहोर' नको, 'मेहोर' पुरे: 'मेहोर'मध्येच 'अधिक चांगला' आलं, 'मास' (अधिक) वेगळं नको.

'मुय फ्रीओ', पण 'मुचो फ्रीओ': पहिलं 'फार गार', दुसरं 'खूप थंडी'.

गुलाबी गाडी 'कोचे रोसा'च. 'रोसो' असा रंग नाही.

आणि इंग्रजी 'embarrassed'सारखा वाटला तरी 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर. ओशाळल्यासारखं झालं असेल तर 'मे दा बेर्ग्वेन्सा' म्हणा.