मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी सोलापुरात घेतलीय? मग जाहिरात अशी करा

हेड ऑफिसकडून बॅनर येतो, त्यावर लिहिलेलं असतं "आपल्या जवळच्या शाखेला आजच भेट द्या", आता जवळची म्हणजे कुठली ओ? लोगो, रंग, किंमत, ऑफर याला आपण हात लावायचा नाही, अ‍ॅग्रीमेंटच तसं असतं, पण पत्ता, भाषा आणि टायमिंग आपल्या हातात येऊ शकतं. त्यासाठी त्यांच्याकडून टेम्प्लेटमध्ये दोन ओळी रिकाम्या मागून घ्या आणि तिथं लिहा, "सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलात की डाव्या हाताला, गाडी लावायला जागा आहे." पार्किंगचं आवर्जून लिहा, नवी पेठेत गाडी लावून दमलेला माणूस तेवढ्यासाठी येतो.

पहिलं काम गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल मॅपवर दुकानाचं नाव, वेळ, फोटो दिसतात ते पान. पिन बरोबर दुकानावर आहे का बघा, जुन्या मालकाच्या काळातलं डुप्लिकेट लिस्टिंग असेल तर ते काढायला लावा, सणाची वेळ वेगळी टाका. नावात "सोलापुरातील नंबर वन" वगैरे घुसडू नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. फोटो आपल्या दुकानाचे, आपल्या पोरांचे टाका, हेड ऑफिसची गोरीगोमटी मॉडेल तिथं नको. रिव्ह्यूला उत्तर मराठीत, आणि प्रत्येकाला तेच कॉपी-पेस्ट नको.

भाषेचं जरा नीट बघा. पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ साइडला घरात तेलुगू बोलतात पण बऱ्याच जणांची शाळा मराठीतून झालेली, म्हणून पोस्टर मराठीत ठेवा आणि व्हॉट्सॲपला वीस सेकंदाचा व्हॉइस मेसेज तेलुगूत पाठवा, काउंटरवरच्या पोरीकडूनच बोलून घ्या, स्टुडिओतला आवाज लगेच ओळखू येतो. अक्कलकोट रोडला कन्नडचं तसंच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो त्या यादीत, 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळं बिल करतानाच गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह करून घ्या.

फेसबुक-इन्स्टाच्या अ‍ॅडला अख्खं सोलापूर निवडू नका, दुकानावर पिन टाकून तीन-चार किलोमीटर बास. जुळे सोलापूरचा माणूस चहा प्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला विडी घरकुलपर्यंत येणारे का? सोफा घ्यायला येईल, तेव्हा माल बघून अंतर ठरवा.

आणि कॅलेंडर आपलं पाहिजे! संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रा, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीला रस्ते बंद असतात, तेव्हा "तीस मिनिटात डिलिव्हरी"ची अ‍ॅड त्या भागात चालू ठेवली तर शिव्याच खाल. नंदीध्वजाचा फोटो टाकून खाली "फ्लॅट 50 टक्के" तर अजिबात नको, यात्रेकरूंना पाणी ठेवा, बोर्ड छोटा लावा, तेवढं पुरे.

कशातून काय आलं ते कळायला प्रत्येक ठिकाणी वेगळा कूपन कोड द्या, पोस्टरला एक, व्हॉट्सॲपला एक. गुगल प्रोफाइलवर कॉल किती आले, रस्ता किती जणांनी विचारला ते दिसतं, त्याचे स्क्रीनशॉट महिन्याला एरिया मॅनेजरला पाठवत रहा, पुढच्या वेळी लोकल बजेट मागताना कामाला येतात. आणि यात्रेचं डिझाइन नोव्हेंबरातच मंजुरीला टाका, जानेवारीत हेड ऑफिसची टीम संक्रांतीच्या पतंगाच्या जाहिरातीतच अडकलेली असते.