जर्नलचा क्रमांक लावताना आधी विषय विचारा

ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी येणारा जवळजवळ प्रत्येक संशोधक पहिला प्रश्न एकच विचारतो, "मॅडम, याचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?" जर्नलमधल्या लेखांना इतर लेखांत सरासरी किती संदर्भ मिळतात, ते हा आकडा सांगतो. म्हणून मी आधी त्याला विषय विचारते. गणितातल्या लेखाची दखल सावकाश घेतली जाते, पेशीजीवशास्त्रात दोन वर्षांतच संदर्भांचा ढीग पडतो. या दोन विषयांतली जर्नलं एका यादीत घालून क्रम लावणं हा गणितावर सरळसरळ अन्याय आहे.

मग कागद घेऊन भागाकार मांडून दाखवते. २०२३ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा, तर २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेले संदर्भ वर लिहायचे, आणि खाली त्या दोन वर्षांतले शोधलेख व आढावालेख. गोम अशी, की संपादकीय आणि पत्रांना मिळालेले संदर्भ वर धरले जातात, पण खालच्या मोजणीत ती नसतात.

शिवाय ही सरासरी आहे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या स्फटिकशास्त्राच्या जर्नलमध्ये २००८ साली शेल्क्स या संगणकप्रणालीवर एक लेख आला. ती वापरणारा जो तो त्याचा संदर्भ देऊ लागला आणि दोनच्या आसपास असलेला फॅक्टर २००९ मध्ये ४९.९२६ वर गेला. २०११ मध्ये तो पुन्हा दोनच्या घरात! बाकीचे लेख होते तसेच होते. म्हणून एका वर्षाचा आकडा मी कधीच धरत नाही, निदान पाच वर्षांचे ओळीने लिहून काढायला लावते.

त्यानंतर क्वार्टाइल, म्हणजे एका विषयगटातल्या जर्नलांचे क्रमाने पाडलेले चार भाग; क्यू१ सगळ्यात वरचा. एकच जर्नल एका विषयगटात क्यू१ आणि दुसऱ्यात क्यू२ असू शकतं, तेव्हा गटाचं नाव शेजारी लिहाच. साइटस्कोअर हा वेगळा निर्देशांक आहे; तो स्कोपस या संदर्भांच्या डेटाबेसवरून आणि चार वर्षांच्या खिडकीतून काढतात, त्याची इम्पॅक्ट फॅक्टरशी तुलना करू नका. एसजेआर या आणखी एका निर्देशांकात संदर्भ कुणी दिला यालाही वजन असतं. दोन विषयांच्या सीमेवर काम असेल तर स्निप हा निर्देशांक बघा, त्यात विषयागणिक संदर्भ देण्याच्या सवयीचा फरक हिशेबात घेतलेला असतो.

एवढं झालं की यादीतली वरची तीन जर्नलं घ्या, प्रत्येकाचे ताजे दोन अंक उघडा आणि तुमच्या प्रश्नावर तिथे कुणी लिहितंय का ते वाचा. नसेल, तर क्यू१ असलं तरी त्यावर काट मारा.