माप देताना पोट आत ओढू नका

शहापुरात माझं शिवणाचं दुकान आहे. लग्नसराई आली की मुली मोबाईल पुढं करतात, "काकू, सेम असाच शिवा. आणि माप जरा कमीच घ्या, तोवर मी बारीक होतो की!" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी तो फोटो नीट बघा. जाहिरातीतला ब्लाऊज बऱ्याचदा पाठीमागून चिमटे लावून आवळलेला असतो. पुढून चापूनचोपून, मागं कापडाच्या चुण्या. शिवाय कंबरेशेजारची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकडी दिसली, तर कंबर मोबाईलवर आत ढकललीय असं समजा. फोटो जरूर आणा. गळा, नाडी, बाहीची लांबी, काठ कुठं लावलाय एवढं त्यातून घेऊ. घेर मात्र तुमचाच.

त्या दिवशी जी ब्रा घालणार, तीच घालून माप द्यायला या. श्वास रोजच्यासारखा घ्या. पोट ओढून दिलेलं माप पंगतीत दुसऱ्या वाढपाला उघडं पडतं. टेप छातीभोवती सरळ आडवी हवी, आत एक बोट जाईल इतकी सैल. शिवणीत दोन्ही बाजूंना माया, म्हणजे पुढं उसवून सैल करता येईल असं जादा कापड, ठेवायला सांगा. अंग कमीजास्त होतच असतं, काहींचं पाळीच्या आठवड्यातसुद्धा. माझ्या कन्नड गिऱ्हाइकिणी सरळ "स्वल्प लूज इरली", म्हणजे थोडं सैल असू दे, म्हणून मोकळ्या होतात. आपल्याच मराठी पोरींना सैल म्हणायला लाज वाटते.

आता दंड. सगळ्यात जास्त रडणं त्याचंच. हात वर केला की ब्लाऊज छातीवर चढतो, काखेत काचतं, मग घरी येऊन दंडाला शिव्या. अहो, बऱ्याचदा दोष मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईचा असतो! मुंढा खाली उतरवून कापला की हात उचलताना अख्खा ब्लाऊज ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ ठेवला आणि बाहीला वर पुरेसं कापड दिलं, तर त्याच दंडानं तुम्ही माळ्यावरचा डबा काढाल. म्हणून दंड दोनदा मोजायला लावा, हात खाली सोडून आणि कोपर वाकवून. वाकवल्यावर तो फुगतो. पैलवानाचा फुगतो, नवरीचाही फुगतो.

तयार कपड्यांच्या एम आणि एलचं तर मनाला लावूनच घेऊ नका. एका दुकानातला एल दुसऱ्याच्या एमएवढा निघतो. आपल्याकडं हे साईज बरेचसे परदेशी तक्त्यांवरून आलेत. भारतीय अंगांची मापं घेऊन आपला तक्ता करायचं काम निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं हाती घेतलं, त्याची घोषणाच मुळी 2018 ची. अंगाला काय बसतं ते बघा, लेबल कात्रीनं काढून टाका.

मोबाईलचं मला माझ्या पोरीनं शिकवलं. कंबर दाखवणारी रील आली की तीन टिंबं दाबून "नॉट इंटरेस्टेड" करायचं. नुसतं थांबून बघत बसलात तरी तो तसल्याच रील आणखी दाखवतो. 2021 मध्ये बाहेर आलेल्या कागदांत इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीतल्याच लोकांनी लिहून ठेवलेलं होतं, की तीनातल्या एका किशोरवयीन मुलीचा स्वतःच्या अंगाबद्दलचा त्रास आपण वाढवतो. दर उन्हाळ्यात माझ्या टेपसमोर त्या पोरी उभ्या राहतात, मला नवल वाटलं नाही.

घरच्यांनी एक पाळा. माप देताना शेजारी उभं राहून "जरा जाडच झालीय ओ आमची" म्हणू नका. मी तेव्हा आईला बाहेरच्या बाकावर बसवते. पोरगी जेवण चुकवायला लागली, जेवून ओकायला जायला लागली किंवा पाळी थांबली, तर टेलर नको, डॉक्टर गाठा. मनावर फार आलं असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट लागतो.

ब्लाऊज न्यायला आलात की घालून दोन्ही हात वर करा, खाली बसा, वाकून वाढल्यासारखं करा. काचलं तर तिथंच सांगा. हळदीच्या आदल्या रात्री उसवायला आणलात तर मी पण माणूसच आहे.