सोलापूर नुसतं झोपायला नाही, बघायला या

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असा दौरा करणारे पाहुणे सोलापुरात रात्रीपुरते टेकतात आणि सकाळी चहा घेऊन पुढे निघतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. मी बाळीवेशीत वाढले. घरात कन्नड, शाळेत मराठी, समोरच्या घरात तेलुगू, अशी आमची गल्ली. गेल्या हिवाळ्यात माझा भाचा आणि त्याची बायको नाशिकहून आले, तेव्हा मी एक दिवस सुट्टी काढून दोघांना गाव दाखवलं. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी यायचं कसं ते. मुंबईहून येणाऱ्यांनी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस घ्यावी. सकाळी उजाडता उजाडता ती सोलापुरात येते आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. वंदे भारत २०२३ पासून आहे, झटकन आणते, पण मुंबईहून निघालेली गाडी पोचते रात्री उशिरा. खाजगी बसने येणार असाल तर तिकीट काढतानाच विचारा की गाडी गावात येते का. माझ्या भाच्याला पहाटे चारला हायवेवर पुलाखाली उतरवलं. बायको, दोन बॅगा आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. "मावशी, आम्ही नक्की कुठं आहोत?" असा त्याचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. एसटीने आलात तर स्टँड गावातच आहे, ती काळजी नाही.

इथे मीटरवर रिक्षा क्वचितच चालते. बसण्याआधी भाडं ठरवा आणि 'सीटवर' की 'स्पेशल' हेही बोलून घ्या. सीटवर म्हणजे वाटेत आणखी माणसं बसणार, पैसे कमी. महापालिकेच्या सिटी बस आहेत, पण मोजक्या. एका दिवसाच्या पाहुण्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. पत्ता सांगताना लोकांच्या तोंडातलं नाव घ्या: पार्क चौक, सात रस्ता, मधला मारुती, विजापूर वेस, कन्ना चौक. 'वेस' म्हणजे जुन्या गावाचा दरवाजा, आता नुसतं नाव राहिलंय. वाट चुकलात तर बेधडक विचारा. "हितनं सरळ जावा की, अक्का," असं म्हणत माणूस चार पावलं तुमच्याबरोबर येईलही.

स्टेशनवरून आधी सिद्धेश्वर मंदिर गाठा, ऊन चढायच्या आत. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी इथे आहे. मंदिर तळ्याच्या मध्यात, चहूबाजूंनी पाणी. सकाळी दर्शनाला येणारे आमच्याच गावचे लोक असतात, गर्दी अंगावर येत नाही. शेजारीच भुईकोट किल्ला आहे, बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. तटाजवळून तळं आणि मंदिर एका नजरेत दिसतं. मंदिर आणि किल्ला पायीच करा, रिक्षा सोडून द्या.

मग पार्क चौकाकडे या आणि चार पुतळ्यांपाशी पाच मिनिटं थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस यांच्याच नावाची. ही चार नावं एकापाठोपाठ मोठ्याने वाचा, म्हणजे हे गाव कुणाकुणाचं आहे ते कळेल. भाच्याची बायको तिथे हात जोडून उभी राहिली, मला फार बरं वाटलं. महापालिकेच्या आवारातली इंद्रभुवनची इमारत जाता जाता बघून घ्या. डॉ. कोटणीस सोलापूरचेच, चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ साली वारले; भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे.

दुपारी बाराच्या पुढे सावली धरा. एप्रिल-मे महिन्यांत तर पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा बारा ते चार फिरूच नका. जेवायला कडक भाकरी मागा. ती ताटात चुरायची, वर आमटी ओतायची आणि दोन मिनिटं दम धरायचा. घाईत खाल्लीत तर टाळू सोलवटेल. सोबत शेंगाचटणी. विकत घेताना थोडी मुठीत दाबून बघा: लाडू वळला पाहिजे आणि बोटांना तेल लागलं पाहिजे. भुगा सांडला तर ती मिक्सरमधली समजा, उखळात कुटलेली नव्हे. मधल्या मारुतीच्या बाजारात चार दुकानं हिंडा, चव बघायला मागा.

ऊन उतरलं की अशोक चौकाकडे, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला चला. इथे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, गल्लीत शिरलात की मागांचा खडखडाट कानावर येतो. चादर घेताना दुकानदाराला ती उलटून दाखवायला सांगा. जेकॉर्ड मागावरच्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल: इकडे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर तिकडे पांढऱ्यावर लाल. मागची बाजू फिकी, पुसट असेल तर ती छापील. दुसरं म्हणजे वजन. खरी सुती चादर हातावर घेतली की भार जाणवतो. भाच्याने घाईघाईत पहिली उचलली, ती मी परत ठेवायला लावली. पाचव्या चादरीला त्याच्या बायकोने स्वतःच कोपरा उलटला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पहिली धुलाई वेगळी करा, थंड पाण्यात.

संक्रांतीला येणार असाल तर सिद्धेश्वरांची जत्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते. भोगीच्या दिवशी मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न होतं, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) मिरवतात. मंदिराच्या आसपास त्या दिवसांत गाडी नेऊ नका, रस्ते बंद असतात. महिनाभर आधी खोली बघून ठेवा.

आणखी एक दिवस असेल तर तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसेक. अक्कलकोटला एसटीनेच जा. अक्कलकोट रोड हे रेल्वे स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. मला विचाराल तर मी आधी हत्तरसंग कुडल सांगेन. भीमा आणि सीना तिथे मिळतात आणि मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा दगडावर बघायला मिळते. एसटीची वाट बघण्यापेक्षा ठरवून गाडी करा, आणि संगमावर सावली कमी असते म्हणून सकाळीच निघा.

परतीची सिद्धेश्वर रात्रीची असते. चटणी मात्र डब्यात भरा, पिशवीत नको. तेल सुटतं आणि नवी चादर खराब होते.