सायकल अंगाला बसवताना या चुका टाळा

नवी सायकल घेणाऱ्याचं दुकानातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "सीट खाली घ्या, पाय टेकत नाहीत." दुकानदारही वाद घालत नाही, घेतो खाली. महिन्याभरात गुडघ्याची वाटी दुखायला लागते, मग जेलची गादी येते, मग हँडल बदलायचा विचार सुरू होतो. मूळ दुखणं सीटच्या उंचीचं, आणि खर्च बाकी सगळीकडे.

सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत असतील, तर सीट खालीच आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सिग्नलला थांबायचं ते सीटवरून पुढे उतरून, एक पाय खाली टेकवून. ही सवय चार दिवसांत लागते.

उंची अंदाजाने ठरवू नका. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मापा. त्याला 0.883 ने गुणा. माप 80 सेंमी आलं तर क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, 70.6 सेंमी. पडताळा सोपा आहे: पेडल सर्वांत खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. चवड्याने पेडल मारताना तो आपोआप थोडा वाकतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा जास्त खाली आहे. मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवी हलू लागली तर जास्त वर आहे. बदल एका वेळी 5 मिमीचा, मग दोन-तीन राइड काहीही हलवायचं नाही. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून ठेवा, म्हणजे कुणी सीट हलवली तरी जागा सापडते. पोस्टवरची 'मिनिमम' रेघ (निदान इथपर्यंत पोस्ट नळीत हवा) बाहेर दिसत असेल तर पोस्ट लांब घ्या. फ्रेमच्या नळीशी जुगार नको.

दुसरी लाडकी चूक सिंहगडाच्या नावाने होते. घाट चढवत नाही म्हणून शनिवारी रात्री 11-28 ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच; आकडे सर्वांत लहान आणि मोठ्या चकतीच्या दातांचे) काढून 11-34 चढवायची. कल्पना बरोबर आहे: पुढे, पेडलजवळच्या लहान चकतीला, 34 दात असतील तर गिअर एकास एक होतो, म्हणजे 28 पेक्षा सुमारे 18 टक्के हलका. पण चेन जुनीच ठेवतात. स्टँडवर पुढच्या लहान चकतीवर सगळं सुरळीत फिरतं. रविवारी चढ लागताच पुढची चकती मोठीच राहते आणि हात घाईने मागचा 34 मागतो. चेन पुरत नाही, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) पुढे ताणला जातो, तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो किंवा तुटतो, डिरेलरचा पिंजरा चाकाच्या आऱ्यांत घुसतो. मग सायकल हातात धरून पायथ्याच्या डोणज्यापर्यंत पायी उतरा.

म्हणून चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा आणि जिथे जुळते तिथून दोन कड्या, एक आतली आणि एक बाहेरची, जास्त ठेवा. त्याआधी आपला डिरेलर किती दात पेलतो ते बघा. 28 वर थांबणाऱ्याला 34 शिकवता येत नाही. स्वस्त सात गिअरवाल्या सायकलींत बहुतेक वेळा कॅसेट नसतेच, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. चाक न उघडता कॅसेट विकत घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

बाकीच्या किरकोळ. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून बसवलंत तर अॅल्युमिनियमचा क्रँक गेला. ग्रीस दोन्हीकडे. सीटचं नाक वर करू नका, ती सपाट हवी. स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) बदलल्यावर आधी वरचा बोल्ट हलकेच, ढिलेपणा जाईपर्यंत, आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीने 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. नेमका आकडा स्टेमवरच छापलेला असतो. वरचा बोल्ट शेवटी आवळणाऱ्यांचं हँडल खडखडतं आणि दोष बेअरिंगवर येतो. पावसाळ्यात खड्ड्यांसाठी 23 मिमी रुंदीचे टायर काढून 32 चे टाकणार असाल, तर आधी फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये टायरला किती जागा आहे ते मोजा. बाजूला 4 मिमी तरी हवी, नाहीतर चिखलाने चाक अडतं.