हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाहीये? घाईघाईत या चुका करू नका

रत्नागिरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मे महिन्याची लग्नसराई आटोपली आणि पावसाची पहिली सर पडली, की एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन माणसं यायला लागतात. तक्रार एकच: "लावली तरी दिसतच नाही." यातल्या बऱ्याच डिस्कना काहीही झालेलं नसतं. आणि ज्यांचा डेटा खरोखर जातो, त्यातल्या कितीतरी जणांचा तो मूळ बिघाडामुळे जात नाही. डिस्क दिसेना म्हटल्यावर पुढच्या अर्ध्या तासात जे जे करून पाहिलं जातं, त्यात जातो.

म्हणून मी पहिला प्रश्न डिस्कबद्दल विचारतच नाही. यात जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे का, एवढंच विचारतो. प्रत असेल तर खुशाल हवे ते प्रयोग करा. नसेल तर डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही, अशाच गोष्टी करायच्या. खालचं सगळं या दुसऱ्या लोकांसाठी आहे.

'फॉरमॅट' दाबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डिस्क लावली की विंडोज एक खिडकी उघडतं: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? माणसाला वाटतं, कॉम्प्युटरच सांगतोय म्हणजे उपाय असेल. प्रत्यक्षात त्या खिडकीचा अर्थ एवढाच असतो, की डिस्कवर जे आहे ते विंडोजला वाचता येत नाही. वाचता न येणं वेगळं आणि रिकामं असणं वेगळं. गल्लीतल्या घरांच्या पाट्या कुणी काढून नेल्या म्हणून घरं पडत नाहीत. इथे पाट्या म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या डिस्कवरच्या नोंदी.

पाट्या जातात कशा? कॉपी चालू असताना केबल ओढली, लिहिता लिहिता वीज गेली, किंवा पाट्यांच्या जागेवरचे एक-दोन सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) खराब झाले, तर पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, 'रॉ' (विंडोजला न ओळखता येणारा) दिसायला लागतो. कधीकधी तर बिघाड नसतोच. मुंबईहून आलेल्या भाच्याने डिस्क त्याच्या मॅकवर, मॅकच्याच पद्धतीने फॉरमॅट करून वापरली असेल, तर ती विंडोजला आपणहून वाचता येत नाही. सेट-टॉप बॉक्सला रेकॉर्डिंगसाठी लावलेल्या डिस्कचंही तसंच. बरेच बॉक्स ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात आणि मग ती कॉम्प्युटरला परकी होते. अशी डिस्क आधी तिच्या मूळ यंत्राला लावून बघा. उलट बाजूने, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅकवर दिसते, फाइल उघडतातही, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. कॉपी होत नाही म्हणून ती 'बिघडली' असं ठरवून पुसून टाकलेली मी पाहिली आहे.

जवळच्याच गावातले एक निवृत्त शिक्षक. वीसेक वर्षं त्यांनी गावोगावच्या नमन-खेळ्यांचं (कोकणातल्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग केलं होतं आणि सगळं एकाच डिस्कवर ठेवलं होतं. खिडकी आली, त्यांनी होकार दिला. एवढ्यावर थांबले असते तर बरंचसं परत आलं असतं, कारण क्विक फॉरमॅट नव्या कोऱ्या पाट्या लावतं, आतल्या सामानाला सहसा हात लावत नाही. पण डिस्क आता नीट चालते का हे पाहायला त्यांच्या मुलाने तिच्यावर चाळीस जीबीचे सिनेमे भरले. ते सिनेमे जिथे जाऊन बसले, तिथलं नमन कुणालाही, कसल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येणार नाही. हे त्यांना समोर बसवून सांगताना माझा शब्द फुटत नव्हता.

तेव्हा फॉरमॅट चुकून दाबलंच गेलं, तर तिथेच थांबा आणि डिस्क काढून ठेवा. क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर विंडोज व्हिस्टापासून ते सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून काढतं, मग आशा उरत नाही. डिस्क एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी) असेल तर साधं फॉरमॅटही घातक ठरू शकतं, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती मोकळी जागा स्वतःच पुसून टाकते.

केबल न बदलताच डिस्कला दोष देणं

छोट्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. तिचा सगळा खुराक यूएसबीतून येतो. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला नेहमीपेक्षा बराच जास्त करंट लागतो. तो मिळाला नाही की दिवा लागतो, डिस्क गुरगुरते, 'टिक' करते, गप्प होते आणि पुन्हा सुरू होते. लोक याला डिस्क क्रॅश झाली असं समजतात.

डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडा. ते कॅबिनेटच्या आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर बऱ्याचदा सुमार असते. मागचा पोर्ट वापरा. यूएसबी हब मध्ये घालू नका. केबल दुसरी, धड आणि आखूड घ्या. टाइप-सीची असेल तर ती मोबाइलची नुसत्या चार्जिंगची केबल नाही ना, हे बघा. तशा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, फक्त दिवा लागतो. मग दुसरा कॉम्प्युटर. आमच्याकडे किनाऱ्यावर आणखी एक भानगड: खाऱ्या दमट हवेने पिना काळपटतात. पिन खरवडू नका, केबल बदलून बघा.

मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. तो हरवला म्हणून पिन बसते एवढ्यावर घरातला दुसरा कुठलाही अडॅप्टर लावू नका. लॅपटॉपचा चार्जर साधारण १९ व्होल्टचा असतो आणि त्याने सर्किट जळतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

'धिस पीसी'त दिसत नाही म्हणजे गेली, असं समजणं

डिस्क कॉम्प्युटरला कळली आहे की नाही, हे 'धिस पीसी' सांगत नाही. विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या पट्ट्या वाचा. नुसतं वाचायचं.

पट्टी निळी, साइज बरोबर, पण अक्षर नाही? राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. ऑफिसातल्या नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर अडवलेलं असतं तेव्हाही असं होतं. मात्र मॅकची किंवा सेट-टॉप बॉक्सची डिस्कही अशीच बिनअक्षराची दिसू शकते, आणि अक्षर दिलं की फॉरमॅटची खिडकी येते. तिथे कॅन्सल. डावीकडे 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर राइट क्लिकने ऑनलाइन करा. 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' असेल तर पाट्या गेल्या आहेत, सामान बहुधा आहे. नवीन व्हॉल्यूम बनवू नका. 'नॉट इनिशिअलाइज्ड' म्हणत एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवण्याच्या दोन पद्धती) असा प्रश्न आला तर कॅन्सल करा. तो प्रश्न नव्या कोऱ्या डिस्कसाठी आहे. साइज भलतीच दिसत असेल, किंवा तिथे काहीच नसेल आणि केबल, पोर्ट, कॉम्प्युटर तिन्ही बदलून झालं असेल, तर बिघाड डिस्कच्या सर्किट बोर्डात किंवा आतल्या यंत्रात आहे. तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग नाही.

डिस्क इथे अजिबात नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येही एक नजर टाका. पिवळं चिन्ह असेल तर ते डिव्हाइस अनइन्स्टॉल करून, केबल काढून, कॉम्प्युटर रिस्टार्ट करून पुन्हा लावा. यात फक्त ड्रायव्हर निघतो, डेटाला धक्का लागत नाही.

चेकडिस्क चालवणं, आणि रिकव्हर केलेलं तिथेच ठेवणं

व्हिडिओ पाहून लोक सरसकट चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवतात. त्याचं काम फाइल सिस्टीम, म्हणजे पाट्यांची सगळी व्यवस्था, सुसंगत करणं. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही. न जुळणाऱ्या नोंदी ते कापून टाकतं. त्यातून डिस्क आधीच मरणपंथाला लागली असेल, तर '/r' जोडून केलेली सगळ्या सेक्टरांची तपासणी तिला झेपत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या नोंदींचे, आकडे बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेले संशयित सेक्टर) शून्याच्या वर असेल तर डिस्कला वाचायलाच जड जातंय. तिच्यावरून थेट फाइल शोधत बसण्याऐवजी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर उतरवतात. ते आधी सहज वाचता येणारं घेतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. मग टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे हरवलेलं शोधणारं सॉफ्टवेअर त्या प्रतिमेवर चालवायचं. दोन्ही फुकट मिळतात. सापडलेल्या फाइल मूळ डिस्कवर कधीच ठेवायच्या नाहीत.

आवाज येत असताना चालूच ठेवणं

चांगल्या केबलवर, पुरेशा करंटवरही डिस्क ठरावीक लयीत 'टक्-टक्' करत असेल, तर ताबडतोब बंद करा. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडून घासायला लागलं तर प्रत्येक फेरीत डेटाचा थर खरवडला जातो. टिचक्या मारू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका (आत दव धरतं), घरात उघडू तर मुळीच नका. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट मूळ बोर्डवरच असतो, काहींमध्ये केसमधली चिप डेटा सांकेतिक करून ठेवते. त्यामुळे 'केस काढून सरळ कॉम्प्युटरला लावू' हेही नेहमी साधत नाही. तसंच दिसणारा दुसरा बोर्ड मागवून बसवणंही नाही, कारण त्या-त्या डिस्कची माहिती तिच्या स्वतःच्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर चिखलात बुडालेल्या डिस्क लोकांनी उन्हात वाळवल्या, हेअर ड्रायर लावला आणि मग चालू केल्या. भिजलेली डिस्क वाळवूही नये आणि चालूही करू नये. ओलसर आहे तशीच पिशवीत बंद करून, जिथे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात अशा ठिकाणी लवकरात लवकर पोचवावी. तिथे खर्च बराच येतो आणि खात्री कुणी देत नाही, म्हणून तपासणीचे पैसे वेगळे आहेत का आणि काहीच निघालं नाही तर किती द्यायचे, हे आधी विचारून घ्या.

आणि दुरुस्तीला डिस्क आणाल तेव्हा आधी काय काय करून पाहिलं ते सगळं, क्रमाने, खरं सांगा. डिस्क पडली असेल तर पडली म्हणा, फॉरमॅट दाबलं असेल तर तेही. मी रागावणार नाही. कुठून सुरुवात करायची ते मला त्यावरूनच ठरवता येतं.